थर्माकोलचं घर का विरघळलं, आणि पुढचं टेरेन स्वस्तात कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा: तिघा मित्रांनी टेबलावर लढाई खेळण्यासाठी वर्गणी काढून 28 मिमीच्या मिनिएचर, म्हणजे छोटे शिपाई, घेतल्या आणि पैसे तिथेच संपले. खेळायला डायनिंग टेबलावरची तीन बाय तीन फूट जागा आहे. टेरेनचे, म्हणजे शिपायांभोवती मांडायच्या डोंगर-घरं-झाडांचे, तयार संच मागवायचे तर पुन्हा तेवढेच पैसे. म्हणून थर्माकोलचं घर केलं, त्यावर स्प्रे मारला आणि घर डोळ्यांदेखत विरघळलं. आता थ्रीडी प्रिंटर घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. त्याबद्दल पुढे दोन ओळी लिहिते. मी पुण्यात आर्किटेक्चरल मॉडेल करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं काम केलं आणि गेली काही वर्षं घरी टेरेन करते आहे. सामान दोन्हीकडे तेच. फरक एवढाच की बिल्डरच्या मॉडेलला कोणी हात लावत नाही, आणि टेरेनवर चार माणसं कोपर टेकून फासे टाकतात.

आधी विरघळण्याचं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनचे फुगवलेले मणी, त्यात साधारण 98 टक्के हवाच असते. स्प्रेच्या डब्यातलं थिनर त्या पातळ भिंती खाऊन टाकतं आणि आतली हवा निघून जाते, म्हणून घर 'बसलं'. हाच प्रकार फेविक्विकने होतो आणि चपला-रेक्झिन चिकटवायच्या पिवळसर रबरी डिंकानेही. मी नवी असताना एका हॉटेलच्या मॉडेलचा डोंगर घाईघाईत रात्री त्या रबरी डिंकाने चिकटवून घरी गेले होते. सकाळी डोंगराच्या जागी दरी होती. तेव्हा थर्माकोलला फक्त पांढरा फेविकॉल, आणि रंग पाण्यात कालवायचा असेल तोच. वरून फेविकॉलचा थर देऊन मग स्प्रे मारला तर चालतो असं सांगणारे भेटतील. चालतोही, पण टाचणीच्या टोकाएवढी जागा कोरडी राहिली तरी तिथून आत पोखरत जातो. ब्रशने रंगवायला दहा मिनिटं जास्त लागतात, लागू द्या.

आता सामान कुठून आणायचं. दुकानातून थर्माकोलचे शीट विकत घेऊ नका. 2018 च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही बसलं, आणि तसंही टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल सोसायटीच्या कचऱ्यात फुकट पडलेलं असतं. तेच वापरा, निदान त्याचा कचरा आणखी काही वर्षं लांबतो. त्याहून चांगली वस्तू म्हणजे एक्सपीएस. गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात ते गुलाबी, निळे किंवा फिकट रंगाचे घट्ट बोर्ड. त्यात मणी नसतात, त्यामुळे कापल्यावर कड स्वच्छ येते आणि बॉलपेनने रेघ मारली तर ती दगडातल्या सांध्यासारखी कायम राहते. वॉटरप्रूफिंगची किंवा कोल्ड स्टोरेजची कामं करणाऱ्यांकडे वीतभर रुंदीचे तुकडे उरतात, मागितले तर पोतंभर देतात. तिसरी वस्तू सनबोर्ड, म्हणजे पाट्यांना वापरतात तो प्लास्टिकचा हलका बोर्ड. साइनबोर्डवाल्याच्या दुकानात कातरणांचा ढीग असतो. 3 मिमी आणि 5 मिमी जाडीचे तुकडे वेचून आणा, त्यांच्यावर 'मेगा सेल' छापलेलं असलं तरी बिघडत नाही.

एक इशारा इथेच देते. गरम तारेने थर्माकोल आणि एक्सपीएस कापतात, खिडकी उघडी ठेवून. सनबोर्डला गरम तार कधीही लावायची नाही. तो पीव्हीसी असतो आणि तापला की हायड्रोजन क्लोराईड सोडतो, घसा धरतो. खरं तर पहिल्या वर्षी गरम तारेच्या वाटेला जाऊच नका. मोठा कटर घ्या, पातं भरपूर बाहेर काढा, जवळजवळ आडवं धरून एका लांब ओढीत कापा. पात्यावर अधूनमधून मेणबत्ती घासा. थर्माकोलचे मणी उडायला लागले की पातं बोथट झालं असं समजून पुढचा तुकडा मोडा. पात्यांची काटकसर करू नका. या सगळ्या उद्योगात तीनच गोष्टींवर पैसे घालवावेत असं माझं मत आहे: पाती, फेविकॉल आणि रंग. माझा पहिला तीन बाय तीनचा संच सहाशे रुपयांच्या आत झाला होता, आणि त्यातले निम्मे फेविकॉलचे होते.

आता मापाकडे वळते, कारण तुम्ही पाठवलेला त्या थर्माकोलच्या घराचा फोटो पाहून मला स्प्रेपेक्षा दाराची जास्त काळजी वाटली. दिवाळीत किल्ला केला असेल तर आठवा: बुरुजावरचा पहारेकरी दरवाजापेक्षा उंच, आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारी तेवढ्याच मापाची कोंबडी. किल्ल्यात ते शोभतं, उलट त्यातच मजा असते. खेळात मात्र नजर सतत शिपायावरून दारावर आणि दारावरून शिपायावर जाते. 28 मिमी म्हणजे ढोबळमानाने 1:60. खरा दरवाजा दोन मीटरचा, म्हणजे हिशोबाने 33 मिमी. पण शिपाई तीन-चार मिमी जाडीच्या चकतीवर उभा असतो आणि डोक्यावर शिरस्त्राण असतं. म्हणून दार 42 ते 45 मिमी करा. मजल्याची उंची हिशोबाने 50 येते, ती 70 ठेवा, नाहीतर वरच्या मजल्याखाली बोटं शिरत नाहीत. आडोशाची भिंत 15 ते 20 मिमी, म्हणजे शिपाई तिच्यामागे लपतोही आणि दिसतोही. जिने खऱ्या मापात केले तर पायरी 3 मिमीची होते, त्यावर काहीच उभं राहत नाही. जिना दाखवायचा असेल तर दाखवा, पण शिपाई थांबेल अशी सपाट जागा दर वळणावर सोडा.

सपाट जागा किती, तर त्याचं माप तुमच्या घरातच सापडेल. 90 च्या दशकातलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं 25 मिमी व्यासाचं आहे, आणि बऱ्याच पायदळी मिनिएचरची चकती तेवढीच असते. मी ते नाणं खिशात ठेवून काम करते. डोंगराची पायरी असो, गच्ची असो, पडक्या भिंतीमागचा कोपरा असो, नाणं ठेवून पाहायचं. नाणं डुगडुगलं तर तिथे शिपाईही डुगडुगणार, आणि ज्याने महिनाभर बसून तो रंगवलाय त्याच्यासमोर तो टेबलावरून खाली पडणार.

डोंगर हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा भाग. परदेशी व्हिडिओंत शीट एकावर एक चिकटवतात आणि मग त्या पायऱ्या लपवण्यात अर्धा वेळ घालवतात, कारण त्यांच्या डोक्यात गोलसर हिरव्या टेकड्या असतात. आपण का लपवायच्या? सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचाच बनलेला आहे. या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कोणताही घाट चढताना पाहा: उभा काळा कडा, मग झाडीची किंवा गवताची पट्टी, पुन्हा कडा. 25 मिमीचा थर, त्याच्या वर मागे सरकवलेला दुसरा, मध्ये 30 ते 40 मिमीचा सपाट पट्टा. शिपायाला उभं राहायला जागा मिळाली आणि डोंगरही ओळखीचा झाला. कडा सरळ कापू नका. कटरने अर्धवट चीर देऊन हाताने मोडा, तुटलेली बाजू आपोआप खडकासारखी येते. एक्सपीएसच्या सपाट बाजूवर चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून फिरवला की दगडाचा खरखरीतपणा मिळतो. मण्यांच्या थर्माकोलवर ही युक्ती चालत नाही, त्यावर काहीतरी चढवावंच लागतं.

आणि चढवायचं काय, हे तुम्ही लहानपणीच शिकला आहात. विटा रचायच्या, गोणपाट मातीच्या रबडीत बुडवायचा, विटांवर टाकायचा, बोटांनी सुरकुत्या पाडायच्या. रेल्वे मॉडेलवाले जगभर हेच करतात, फक्त गोणपाटाऐवजी प्लॅस्टरमध्ये भिजवलेली जाळीदार पट्टी घेतात. आपल्या मापाला गोणपाटाची वीण फार जाड दिसते. त्याऐवजी जुन्या सुती धोतराचा किंवा मलमलीच्या ओढणीचा तुकडा घ्या. फेविकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, त्यात भिंतीला लावायची पांढरी पुट्टी सायीइतकी घट्ट होईपर्यंत घाला, कापड बुडवून निथळवा आणि थर्माकोलवर चढवा. नुसती पुट्टी थापली तर वाळल्यावर भेगा पडतात आणि पोपडे निघतात. फेविकॉलने ती लवचीक राहते. कापड नसेल तर वर्तमानपत्राचे तुकडे आणि कणकेची खळ. खळीत बुकबाइंडर मंडळी चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. तो विषारी असतो, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नका आणि हात धुवा. मी एकदा मोरचूद न घालता केलेली टेकडी माळ्यावर ठेवली होती. सहा महिन्यांनी आतून पोखरून झुरळांनी तिची चाळ केली होती.

घराऐवजी आधी पडकं घर करा. दोन भिंतींचा कोपरा, वरची कड तुटलेली. छप्पर नाही, आत हात जातो, शिपाई दोन्ही बाजूंनी उभे राहतात, आणि चूक झाली तर ती पडझडीत खपते. 5 मिमी सनबोर्डच्या भिंती, खिडकीची भोकं, तळाला सनबोर्डचाच वेडावाकडा पाया. खालच्या बाजूला फरशी हवी असेल तर अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा हाताने फाडून चौकोनी तुकडे चिकटवा, त्याचा खडबडीतपणा दगडी फरशीसारखाच दिसतो. पडलेल्या तुळया म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या किंवा आंब्याच्या लाकडी पेटीच्या फळ्या चिरून. भिंतीच्या पायथ्याशी विटांचा राडारोडा पडलेला असतो. उरलेल्या एक्सपीएसचे तांदळाएवढे तुकडे वाळूत मिसळून तिथे लावा. हा राडारोडा विसरला की पडकं घर पडल्यासारखं न दिसता कापल्यासारखं दिसतं.

पायासाठी जाड पुठ्ठा किंवा 3 मिमीचं एमडीएफ घेतलं तर एका बाजूला फेविकॉल लावल्यावर वाळताना ते पापडासारखं वाकतं. दोन्ही बाजूंना पातळ फेविकॉल लावला तर ताण सारखा होतो. सनबोर्ड घेतला तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून मी पायाला दुसरं काही वापरणंच सोडलं आहे.

झाडंझुडपं. इथे स्वयंपाकघर आणि अंगण कामाला येतं. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांना इतक्या बारीक फांद्या असतात की तार पिळून झाड करायची गरज उरत नाही. दोन दिवस कडक उन्हात ठेवा, किडे निघून जातात. पानांसाठी जुना स्पंज पाण्यासोबत मिक्सरमधून काढा, पिळा, रंगात कालवा, वाळवा. मिक्सर जुना हवा, चटणीचा नव्हे. आईची चटणी एकदा हिरवी होती, पण कोथिंबिरीने नाही, एवढंच सांगते. कुंपणाला भांडी घासायच्या हिरव्या घासणीच्या पट्ट्या, कड थोडी ओरबाडून. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी काटेरी झुडपांसाठी उत्तम. काथ्याचं पायपुसणं पट्ट्या कापून ठेवलं की पिकाचं उभं शेत तयार, हे तर जगभरचे खेळणारे करतात. उंच गवताला सुतळी: 8 ते 10 मिमीचे तुकडे, पीळ सोडवून, फेविकॉलच्या थेंबात उभे रोवायचे. सुतळीचा स्वतःचा रंगच कार्तिक-मार्गशीर्षातल्या वाळक्या गवताचा असतो, रंगवायला नको.

जमिनीला वखारीतला भुसा पिठाच्या चाळणीतून चाळून रंगवून घ्या. वापरलेली चहापूड पालापाचोळ्यासारखी छान दिसते, पण ती तव्यावर कोरडी भाजूनच वापरा. नुसती पंख्याखाली वाळवलेली पूड जुलै महिन्यात पांढरी बुरशी धरते. वाळू बांधकामावरची, चहाच्या गाळणीतून. समुद्रावरची आणली असेल तर गोड्या पाण्याने तीनदा धुवा, नाहीतर मीठ ओल खेचत राहतं.

झाडं पायाला कायमची चिकटवू नका. सनबोर्डचा किंवा जुन्या सीडीचा वेडावाकडा तळ म्हणजे 'राई', आणि त्यावर नुसती ठेवलेली तीन-चार झाडं. शिपाई आत शिरला की झाड बाजूला करायचं. सीडीला आधी पॉलिश पेपर मारा, गुळगुळीत बाजूवर फेविकॉल धरत नाही.

रंगासाठी हॉबीच्या छोट्या बाटल्या मिनिएचरसाठीच राखून ठेवा. टेरेनला हार्डवेअरच्या दुकानातलं एक्स्टिरियर इमल्शन आणि त्यात मिसळायच्या स्टेनरच्या, म्हणजे दाट रंगाच्या, छोट्या बाटल्या: काळा, गेरूसारखा तांबूस, पिवळी माती. डिस्टेंपर स्वस्त असतो पण हाताला खडूसारखा लागतो, घेऊ नका. पहिला हात काळा रंग अधिक फेविकॉल, सगळ्या तुकड्यांना, अगदी खालच्या बाजूलाही. हा हातच खरं चिलखत आहे. मग राखाडी रंगात ब्रश बुडवून तो रद्दीवर इतका पुसायचा की संपल्यासारखा वाटला पाहिजे, आणि खडकाच्या कडांवरून हलकेच फिरवायचा. दुसऱ्यांदा त्याहून फिकट, थोडी पिवळी माती मिसळून. शेवटी पातळ तपकिरी पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते फटींत पसरतं.

टेरेन वेगवेगळ्या कचऱ्यातून आलेलं असलं तरी एका गावचं दिसावं यासाठी एकच करायचं: मातीचा एकच डबा कालवून ठेवा आणि प्रत्येक तुकड्याच्या पायथ्याला तीच माती, तोच रंग लावा. मिनिएचरच्या चकत्यांनाही. वॉरहॅमर या मिनिएचरच्या प्रसिद्ध खेळाच्या सुरुवातीच्या काळात कंपनीच्याच मासिकात डिओडरंटच्या डबीपासून रणगाडा करायची कृती छापून आली होती. डबी कुठली हे रंगानंतर कोणी विचारत नाही.

टेबलाच्या चादरीसाठी जुना फ्लेक्स घ्या. वाढदिवस आणि निवडणुका कुठे ना कुठे चालूच असतात, परवानगीने मागा. मागची बाजू पॉलिश पेपरने खरवडून, भेगा भरायचं ॲक्रिलिक सीलंट, इमल्शन आणि बारीक वाळू कालवून पत्र्याच्या पट्टीने पातळ ओढायची. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, मग पसरल्यावर कडा वर वळत नाहीत. माझ्या रणभूमीच्या खाली एक भाऊ गेली चार वर्षं हात जोडून हसत उभे आहेत.

किती तुकडे लागतील? तीन बाय तीन म्हणजे नऊ चौरस फूट, त्यातला साधारण पाव भाग झाकायचा: दोन टेकड्या, तीन पडकी घरं, तीन राया, सात-आठ आडोशाच्या भिंती. मांडून झालं की टेबलाच्या दोन्ही कडांवर दोघांनी शिपायाच्या डोळ्याच्या उंचीला दोरा ताणून धरा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न अडता गेला तर तिथे एक भिंत सरकवा, नाहीतर लांब पल्ल्याची बंदूक ज्याच्याकडे आहे तो पहिल्याच डावात खेळ संपवतो.

प्रिंटरचं राहिलं. बारीक नक्षी, यंत्रं, पिंपं यासाठी तो छान आहे. पण डोंगर छापायला तो दिवस-दिवस घेतो, जो डोंगर तुम्ही तासाभरात मोडून चिकटवता. शिवाय प्रिंटरमध्ये घालतात ते साधं पीएलए प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात गाडीत विसरलेला माझ्या मित्राचा मनोरा पिसाच्या मनोऱ्यासारखा कलला.

ठेवायचं कसं, ते आधीच ठरवा. एकही तुकडा 30 सेंटिमीटरहून मोठा करायचा नाही असा माझा नियम आहे, कारण आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तो बसला पाहिजे. नदी केलीत तर तिला चकाकीसाठी दिलेला फेविकॉलचा थर पावसाळ्यात पुन्हा चिकट होतो. माझी पहिली नदी ऑगस्टमध्ये रद्दीला अशी चिकटली की तिच्यावर आजही अर्धं शब्दकोडं वाचता येतं. नदीवर पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश द्या, आणि खोक्यात तुकड्यांमध्ये कागदाऐवजी बटर पेपर घाला.